गोड्या पाण्याचा माणूस

आमच्या समोरच्या दारावर ‘सु. के. मारबते’ अशी पाटी लागली ती दोन हजार एक सालच्या दिवाळीच्या सुमारास. नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही दोघं धायरीत राहायला आलो, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी शाळेतून निवृत्त, हे बँकेतून. नवा शेजार कसा निघतो याची आम्हाला धास्तीच होती. पण मारबते मंडळी शांत निघाली. सुदर्शन तिशीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. त्याची बायको रुपाली, आणि तीन वर्षांची सृष्टी.

सुदर्शन भंडाऱ्याकडचा, एका तलावकाठच्या गावचा. जातीनं ढिवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात जाळं टाकणारे. वडील केवळराम झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यात बसून मासे धरायचे. सुदर्शन आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचा. पाण्याखालच्या खुंटात जाळं अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं काम त्याचंच. पुढे तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला आणि केवळरामांना आपल्याच तळ्यात चोरासारखं उतरावं लागलं. तेव्हा त्यांनी पोराला सांगितलं, “बापू, तू या पाण्यात राहू नको.” त्यानं आयटीआयला फ्रिज-एसीचं काम शिकून घेतलं आणि चौऱ्याण्णव साली पुणं गाठलं.

भोसरीच्या एका कारखान्यात त्याची सात वर्षं गेली. मग कारखाना बंद पडला. मशिनं उचलून कुठे दुसऱ्या राज्यात नेली म्हणे. तिथे त्याच्या शेजारच्या मशिनवर कोकणातला दत्ताराम चोगले होता. तो आपल्या गावी, भावाच्या होडीवर परत गेला. सुदर्शनला हिंजवडीला काम मिळालं.

त्या वेळी हिंजवडीच्या काचेच्या इमारतींचं सगळ्यांना अप्रूप. आमच्या नात्यातलाही एक मुलगा तिथे लागला होता, आणि त्याची आई येता-जाता ‘आमचा कॅम्पस’ म्हणायची. सुदर्शन अशाच एका इमारतीत होता, पण दोन मजले जमिनीखाली. तिथे एक कंट्रोल रूम होती. वरच्या सात मजल्यांना थंड हवा पुरवणारी यंत्रं तिथून चालायची. कुठल्या मजल्यावर किती अंश, हे समोरच्या पडद्यावर दिसायचं. तो चोवीसचा आकडा चोवीसच राहील हे बघत बारा तास बसायचं. खिडकी नाही. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, रात्री नऊला परत.

“बाहेर पाऊस आहे का ऊन, ते मले वरून येणाऱ्या चहावाल्याच्या अंगावरून समजते, काकू,” असं तो एकदा मला म्हणाला होता. मला वाटलं, गंमत करतोय.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात त्या इमारतीत आग लागल्याची तालीम झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्यानं खाली उतरून हिरवळीवर जमायचं, अशी. भोंगा वाजला. सुदर्शन उठला, दाराला कार्ड लावलं. दार उघडेना. भोंगा वाजल्यावर खरं तर अशी दारं आपसूक उघडायला हवीत. हे उघडलं नाही. त्यानं पुन्हा कार्ड लावलं, धक्के दिले, मग पहाऱ्याच्या टेबलावर फोन केला. पण तिथे कोण असणार? पहारेकरीही हिरवळीवर गेलेले.

त्या खोलीत कॅमेऱ्यांचा एक पडदा होता. त्यात त्याला हिरवळ दिसत होती. माणसं रांगेत उभी होती आणि एक बाई हातात कागद घेऊन एकेकाला मोजत पुढे चालली होती. मोजून झालं. तिनं अंगठा वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग समोसे वाटले गेले आणि माणसं हसत-बोलत आत यायला लागली.

चाळीस मिनिटांनी चहावाल्यानं बाहेरून दार उघडलं.

सुपरवायझरकडे गेल्यावर तो म्हणाला, “तुमचं नाव यादीत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची यादी वेगळी असते.”

“ती कुठं आहे?”

“बनवायचीय,” सुपरवायझर म्हणाला.

त्या दिवसानंतर सुदर्शनला झोप लागेना. घरातलं संडासाचं दारही तो लावून घेत नसे, असं रुपालीनं मला नंतर सांगितलं. कामावर मात्र जात राहिला. दार बंद झालं की तळव्यांना घाम फुटायचा, आणि चोवीसचा आकडा बघत तो मनात बुडी मारायचा. खाली, खुंटांच्या मधून, वर. त्यानंच सांगितलेलं आहे हे.

ऑगस्टमध्ये दत्तारामचं पत्र आलं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, भावाला एक माणूस कमी पडतोय, कोणी ओळखीचं असेल तर कळव. सुदर्शननं पत्र दोनदा वाचलं आणि रुपालीला म्हणाला, “मी जातो.”

“काऊन जाता जी?” रुपालीनं विचारलं. “समुद्र पाहिला तरी आहे का तुमी?”

“पाणीच तर आहे. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं.”

“अन् त्यानंच तुमाले तिथून हाकललं ना!”

पण तो गेला. आमच्या घरात यावर एवढीच टिप्पणी झाली की, “मासे विकतही मिळतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.” अर्थात ती आमच्या ह्यांची.

जाताना त्यानं आमच्या फोनचा नंबर मागून घेतला. मारबत्यांकडे फोन नव्हता. दर रविवारी सकाळी नऊला तो दत्तारामच्या गावातल्या बूथवरून फोन करायचा आणि रुपाली आमच्या दिवाणखान्यात उभ्यानंच बोलायची. कधीही बसली नाही.

त्याचा समुद्राचा पहिला दिवस असा गेला. हर्णैच्या अलीकडचं खाडीच्या तोंडाशी वसलेलं लहान गाव. होडी चोवीस फुटी, मधोमध डिझेलचं इंजिन. तीन माणसं: दत्ताराम, त्याचा थोरला भाऊ हरिश्चंद्र, जो होडीचा तांडेल म्हणजे मुख्य, आणि सुदर्शन. पहाटे भरतीच्या पाण्यावर खाडीतून बाहेर पडले. बाहेर पडेपर्यंत सगळं ओळखीचं वाटत होतं. काठ, झाडं, पाण्याचा वास. मग वाळूचा पट्टा ओलांडला आणि होडी खालून कोणीतरी उचलावी तशी उचलली गेली. तळ्यातलं पाणी एका जागी असतं. हे पाणी तसं नव्हतं.

अर्ध्या तासात त्याला ओकारी सुरू झाली. पोटात काही उरलं नाही तरी थांबेना. इंजिनाचा धूर, कालच्या माशांचा वास, आणि दर लाटेगणिक खाली जाणारा तळ. त्यानं दत्तारामचा हात धरला आणि म्हणाला, “मले उतरायचं आहे.”

दत्ताराम हसला. “कुठं उतरतोस?”

सुदर्शननं चारी बाजूंना बघितलं. एवढं आभाळ, एवढं पाणी, आणि पाय ठेवायला चोवीस फूट. त्यातही जाळ्यांचा ढीग, बर्फाची पेटी, नांगर. एका माणसानं कुशीवर वळायचं म्हटलं तर दुसऱ्यानं पाय आखडून घ्यायचे. “काकू, माझी कंट्रोल रूम त्याच्यापेक्षा मोठी होती,” तो मला नंतर म्हणाला.

परतीलाही सुटका नव्हती. दुपारी खाडीच्या तोंडाशी आले तेव्हा ओहोटी लागलेली. वाळूच्या पट्ट्यावर पाणी इतकं कमी की होडी टेकलीच असती. भरती चढेपर्यंत नांगर टाकून बाहेरच थांबायचं. गाव समोर दिसतंय, बायका मासळी वाळत घालायची फडकी झटकताहेत तेही दिसतंय, आणि आपण तिथे तीन तास हलत बसलोय. हे नेहमीचंच होतं. पाणी सोडेल तेव्हा जायचं, पाणी घेईल तेव्हा यायचं.

हरिश्चंद्र फारसं बोलत नसे. पहिल्या आठवड्यात सुदर्शनशी तो एकच वाक्य बोलला. “गोड्या पाण्याचा माणूस तू. हे पाणी तुला वळखत नाय अजून.” गावात ते नाव पडलं. बंदरावर पोरंटोरंसुद्धा ‘आला गोड्या पाण्याचा’ म्हणायची.

त्याला जे येत होतं तेच आड यायचं. तळ्यात त्यानं काटेवाले मासे किती धरले असतील; तसाच एक दिसला म्हणून सवयीनं डोक्यामागे पकडला. तो शिंगाळा होता, समुद्रातला विषारी काट्याचा मासा. त्याचा काटा अंगठ्याखाली गेला आणि हात कोपरापर्यंत सुजला. घरी नेऊन हरिश्चंद्रच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, तेव्हा कुठे कळ उतरली. तळ्यात जाळं टाकून घरी यावं, सकाळी ते तिथेच असतं. इथे टाकलेलं जाळं प्रवाहाबरोबर चालायला लागायचं. किनाऱ्यावरचं देऊळ आणि डोंगरावरचा नवा मोबाइलचा टॉवर एका रेषेत आले की आपण कुठे आहोत हे ओळखायचं, हे दत्ताराम त्याला रोज शिकवायचा आणि तो रोज चुकायचा.

पाचव्या आठवड्यात ओकारी थांबली. हाताला घट्टे पडले. रविवारी फोनवर तो रुपालीला माशांची नावं सांगायला लागला. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, “झोप लागते का?” तो म्हणायचा, “लागते.” हे मात्र खरं नव्हतं. दत्तारामच्या पडवीत आडवा झाला की त्याला अंथरूण हलल्यासारखं वाटायचं आणि तो उठून अंगणात जाऊन बसायचा.

इकडे रुपालीनं स्वस्थ बसून वाट पाहिली नाही. धायरीत आणि शेजारच्या नऱ्ह्यात तिच्या भागातली बरीच मुलं इंजिनिअरिंगला येऊन राहिली होती. मेसची गोडसर आमटी खाऊन ती कंटाळलेली. रुपालीनं दोघांना डबा दिला. दोघांचे पाच झाले, पाचांचे अकरा. सकाळी सहाला तिच्या स्वयंपाकघरातून लसूण-खोबरं भाजल्याचा असा ठसका यायचा की ह्यांचा चहा शिंकतच व्हायचा. सृष्टीला ती माझ्याकडे सोडायची आणि डबे पोचवून यायची. तिच्या चालण्यात एक घाई आली होती, चांगली घाई. मी ते पाहत होते.

नोव्हेंबरच्या शेवटी ते घडलं. सकाळचे आठ वाजले असतील. जाळं ओढून घेताना इंजिन चालू राहिलं आणि जाळ्याचा एक पदर होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात गेला. इंजिन गचका देऊन बंद पडलं. वारा किनाऱ्याकडे ढकलणारा, आणि त्या बाजूला खडकांची रांग. हरिश्चंद्रनं नांगर टाकला. तो धरला, पण होडी दोरावर अशी ओढ घेत होती की किती वेळ धरेल ते सांगता येत नव्हतं.

“मी उतरतो,” सुदर्शन म्हणाला. “जाळं सोडवायचं मले येते.”

हरिश्चंद्रनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतः त्याच्या कमरेला दोर बांधला आणि सुरी हातात दिली.

तळ्यात पाण्याखाली सगळं स्तब्ध असतं. इथे होडीचा मागचा भाग लाटेबरोबर वर जायचा आणि घण पडावा तसा खाली यायचा. पहिल्याच बुडीत त्याच्या खांद्यावर तडाखा बसला. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी पाठ सोलून निघाली. पण पंखा हाताला लागला. जाळं दोरखंडासारखं पिळून बसलं होतं. एक पीळ कापला, वर आला, श्वास घेतला. दुसरी बुडी, दुसरा पीळ. अशा सात-आठ झाल्या. वर यायचा तेव्हा त्याला हरिश्चंद्रचा आवाज ऐकू यायचा. तो मोठ्यानं आकडे म्हणत होता. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आला की थांबायचा, गेला की पुन्हा एकपासून.

शेवटचा पीळ सुटला तेव्हा सुटलेलं जाळं पसरलं आणि त्याच्या पायात आलं. त्यानं पाय ओढला, तसा फास आवळला. सुरी हातातून निसटली. वर उजेड दिसत होता, होडीची काळी सावली त्यावर वर-खाली होत होती, आणि तो मधेच टांगल्यासारखा. “त्या वेळी काही आठवलं नाही, काकू. बायको नाही, पोरगी नाही. फक्त वाटलं, झालं. इथंही दार लागलं.”

मग कमरेला हिसका बसला. दोघं भाऊ मिळून दोर ओढत होते. पायाला जाळं तसंच होतं. त्याला जाळ्यासकट, मासा काढावा तसा, त्यांनी होडीत काढला. दत्ताराम रडत होता. हरिश्चंद्र नुसता धापा टाकत बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “सत्तर झाले होते.”

इंजिन सुरू झालं. खडकांपासून लांब आले. पण खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पाणी उतरलं होतं. भरतीला चार वाजणार. सुदर्शन ताडपत्री गुंडाळून जाळ्यांवर पडून राहिला. दात वाजायचे थांबत नव्हते. गावातल्या शाळेची घंटा ऐकू आली, मधल्या सुट्टीचा गलका ऐकू आला. हेलकावणाऱ्या होडीत हरिश्चंद्र त्याच्याजवळ सरकला, आणि तीन महिन्यांत बोलला नव्हता इतकं बोलला.

“आता तुला कोन गोड्या पाण्याचा म्हननार नाय. पुढच्या हंगामाला बायकोपोरीला घेऊन ये. आमच्या मागची खोली रिकामीच हाय. शाळा हाय पोरीला. तू आता आमच्यातलाच.”

सुदर्शनला बरं वाटायला हवं होतं. परक्या गावात, परक्या पाण्यावर, एवढा मान. पण त्याच्या तळव्यांना घाम फुटला. मागची खोली, ही होडी, हा वाळूचा पट्टा, आणि उरलेला जन्म. हरिश्चंद्र पुढे जाऊन बसल्यावर त्यानं दत्तारामला हळूच विचारलं, “तुले कधी असं होते का? इथून कुठंच जाता येणार नाही असं?”

दत्तारामनं नांगराचा दोर तपासला. मग म्हणाला, “मी भोसरीला कशासाठी गेलो होतो असं वाटतं तुला? ह्याच होडीतून सुटायला. बारा वर्षांचा असल्यापासून ओकत होतो मी हिच्यात. कारखाना बंद पडला त्या दिवशी तुम्ही सगळे घोषणा देत होतात. मी मुतारीत जाऊन रडलो. नोकरी गेली म्हणून नाय. आता परत होडीवर जावं लागनार म्हणून.”

“मग मले पत्र काऊन लिहिलं?”

“एक माणूस कमी होता,” दत्ताराम म्हणाला. “आणि मला वाटलं, ओळखीचं कोणी असलं तर बरं.”

चार वाजता पाणी चढलं आणि ते आत गेले.

सुदर्शन आणखी दोन आठवडे राहिला. खांदा बरा होईपर्यंत आनंदीबाईंनी त्याला होडीवर जाऊ दिलं नाही. मग त्यानं हरिश्चंद्रला सांगितलं की आपण जातो. हरिश्चंद्रनं कारण विचारलं नाही, अडवलंही नाही. फक्त निघायच्या दिवशी सुक्या बोंबलांची आणि सुकटीची भली मोठी पिशवी त्याच्या हातात दिली. दत्ताराम एसटीपर्यंत आला. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीचा गज धरून उभा होता.

स्वारगेटला उतरून तो धायरीत पोचला तो दुपारी. त्या पिशवीच्या वासानं आमच्या जिन्यावर दोन दिवस काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही. रुपाली डबे घासत होती. तिनं वर पाहिलं, त्याचे हात पाहिले, मानेवरचे ओरखडे पाहिले.

“भेटाले आले का राहाले?” तिनं विचारलं.

“राहाले.”

“मग जेवून घ्या,” ती म्हणाली आणि डबे घासत राहिली.

आठवडाभर तो घरात नुसता बसून होता. एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा समोर येऊन बसला आणि हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, “मी तिले म्हटलं, आपण गावी जाऊ. भंडाऱ्याले. तिथं फ्रिज-एसीचं दुकान टाकतो. तर म्हणे, तुम्ही जा, मी इथून हलत नाही. पोरांचे डबे कोण देईल? काकू, मी इथं गुदमरत होतो ना, तिले इथंच मोकळं वाटते.”

“मग तुम्ही काय ठरवलंत?” मी विचारलं.

“ठरवायचं काय? राहतो.”

जानेवारीत तो जुन्याच कंत्राटदाराकडे गेला आणि म्हणाला, काम कुठलंही द्या, तळघर नको. कंत्राटदारानं त्याला बाणेरच्या एका इमारतीच्या गच्चीवर पाठवलं. तिथे थंडाव्याचे मोठे टॉवर असतात. पाणी कोसळत राहतं, पंखे घरघरतात, उन्हाळ्यात पाय भाजतात आणि शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. तासही बाराच. पण वर आभाळ होतं. पहिले काही महिने तो घरी आला की मोठ्यानं बोलायचा, कान बसल्यामुळे. रुपालीचे डबे आता चाळीसवर गेलेत. कामावर जाण्याआधी पहाटे नऱ्ह्याच्या वाटेवरचे दहा-बारा डबे तोच मोटारसायकलवरून टाकतो.

याला सहा वर्षं झाली. संडासाचं दार तो अजूनही पूर्ण लावत नाही, असं रुपाली म्हणते. दत्तारामचं दिवाळीला पत्र येतं, आता फोनही येतो. हरिश्चंद्रनं मोठी होडी घेतली, तिच्यावर माणसं जास्त आहेत, दत्ताराम तिच्यावरच आहे.

मागच्या रविवारी आमचा फ्रिज बंद पडला म्हणून सुदर्शनला हाक मारली. तो आला, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि त्याच्या मागच्या फटीत खांदा तिरका करून शिरला. मी उगाच विचारलं, “पुन्हा जावंसं वाटतं का हो कधी? समुद्रावर?”

“वाटते,” तो आतूनच म्हणाला. “बसमध्ये अडकलो की वाटते. पण मग होडी आठवते.”

मग म्हणाला, “काकू, ही बॅटरी जरा इकडं धरा. नाही, थोडी खाली. हां, अशीच धरून ठेवा.”